कृपया मुंबई दाखवू नये

भाच्याचं लग्न होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले असतील. परवा सोलापूरहून ताईचा फोन आला. "अरे, दोघं शुक्रवारी रात्री सिद्धेश्वरनं निघतायत. शनिवार ते सोमवार तुझ्याकडे. सूनबाईनं मुंबई कधी पाहिलेली नाही. जरा दाखव हं सगळी."

'सगळी' हा शब्द ताईनं सहज वापरला होता. पण आमच्या डोंबिवलीच्या घरात तो फारच मनावर घेतला गेला. चिरंजीवांनी ताबडतोब कागद-पेन घेतलं. अटल सेतू पाहिजेच, कारण तो २१.८ किलोमीटर लांब आहे. आता इतक्या लांब पुलावर मध्ये कुठे थांबून समुद्र बघायला परवानगी नाही, हे त्याच्या लेखी गौण. मग कोस्टल रोड. मग २०२४ साली सुरू झालेली भुयारी मेट्रो, म्हणजे मुंबई बघायला आलेल्या माणसाला जमिनीखालून न्यायचं. मग राणीच्या बागेतले पेंग्विन. हे पेंग्विन २०१६ साली कोरियाहून आले आणि भायखळ्यात एसीत राहतात. आम्ही डोंबिवलीत पंख्याखाली राहतो. कन्येनं त्यात सिद्धिविनायक, म्युझियम आणि दोन मॉल घातले. शेजारच्या काकूंनी वर्तमानपत्र परत द्यायला आल्या आल्या महालक्ष्मी घातली. रात्री दहापर्यंत यादी तेवीस स्थळांची झाली.

मी बी.कॉम. झालेला माणूस आहे. यादी दिसली की माझा हात आपोआप बेरीज-वजाबाकीकडे जातो. तीन दिवसांतून लोकलचा, रांगेचा, जेवणाचा आणि झोपेचा वेळ वजा केला तर एका स्थळाच्या वाट्याला सतरा मिनिटं येत होती. तेही ठीक. पण त्या यादीत एक रकाना कुठेच नव्हता. ती दोघं एकमेकांना कधी पाहणार?

ह्या यादीवर सही करायला मी साफ नकार दिला. घरातल्या घरात माझ्या नकाराला फारशी किंमत नसल्यामुळे तिथं जे भाषण मला करता आलं नाही, ते इथं करतो. माझं म्हणणं अगदी साधं आहे. नवं जोडपं पाहुणं आलं की त्याला मुंबई दाखवू नये. पोटभर जेवू घालावं, अंथरूण द्यावं, घराची किल्ली द्यावी आणि बाजूला व्हावं.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस कंजूष दिसतो. पाहुण्यांवरचा खर्च वाचवायला तत्त्वज्ञान सांगतोय. नाही हो. हा अनुभव आहे. व्याजासकट वसूल झालेला अनुभव आहे.

२००७ सालच्या फेब्रुवारीत माझं लग्न झालं. मी तेव्हा सोलापुरात बँकेत कारकून होतो. (पुढे माझी बदली मुंबईला झाली. पद तेच राहिलं, नुसतं गाव मोठं झालं.) मधुचंद्राला महाबळेश्वरला का गेला नाहीत, असं विचारू नका. लग्नासाठी काढलेलं कर्ज माझ्याच बँकेत होतं आणि त्याचा हप्ता पगार हातात पडण्याआधीच कापला जाई. रजा नऊ दिवस शिल्लक होती. त्यातली सहा सत्यनारायण, देवदर्शन आणि 'नवी सून बघायला' येणाऱ्या मंडळींत संपली. उरलेल्या रजेत मुंबईला मावशीकडे जायचं ठरलं. आमच्यासारख्या पगारदार माणसांचा मधुचंद्र बहुधा कुठल्या तरी मावशीच्या घरीच होतो. थंड हवेच्या ठिकाणाला पैसे पडतात, मावशीला शेंगाचटणीचा डबा पुरतो.

मावशीचं घर गिरगावात, चाळीत. दोन खोल्या आणि सहा माणसं. आम्ही धरून आठ. पहाटे दादरला काका, म्हणजे मावशीचे यजमान, आम्हाला उतरवून घ्यायला आले होते. सोबत मावशीची मुलगी. चर्नी रोडला जायची गाडी फलाटाला लागली तशी काकांनी पहिली आज्ञा सोडली, "सूनबाई, तू हिच्याबरोबर लेडीज डब्यात. जेंट्समध्ये चेंगरशील." आज्ञा इतकी शहाणपणाची होती की तिला विरोध करता येईना. पण पुढचे तीन दिवस आम्ही मुंबईत जिथं जिथं गेलो, तिथं तिथं दोन वेगळ्या डब्यांतून गेलो. सप्तपदीत बांधलेली गाठ मुंबईच्या लोकलनं पहिल्याच फलाटावर सोडली.

रात्रीची व्यवस्थाही अशीच शहाणपणाची होती. बायका आतल्या खोलीत, पुरुष गॅलरीत. मी आणि काका एका सतरंजीवर. काका झोपेतसुद्धा मला दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम सांगत.

काका माणूस फार चांगला. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना खलनायक समजाल. गोदीतून नुकतेच निवृत्त झालेले. आमच्यासाठी त्यांनी महिनाभर आधीपासून आखणी केली होती. कुठली बाग बुधवारी बंद, कुठलं म्युझियम किती वाजता उघडतं, कुठे चप्पल बाहेर काढावी लागते, सगळं पाठ. शिवाय प्रत्येक तिकीट स्वतः काढायचे. मी खिशात हात घातला की रागावायचे. अशा माणसाला 'काका, आम्हाला दोघांना जरा सोडा' असं कोणत्या तोंडानं सांगणार?

शनिवारी सकाळी सिद्धिविनायक, मग महालक्ष्मी. हाजीअलीला समुद्राला भरती होती, वाट पाण्याखाली गेलेली, म्हणून लांबूनच हात जोडले. दुपारी वरळीचं नेहरू तारांगण. आत दिवे मालवले, डोक्यावर तारे उगवले आणि माझ्यातला नवरा जागा झाला. धीर करून मी अंधारात हळूच शेजारचा हात हातात घेतला. सप्तर्षी गेले, ध्रुव गेला, शनीची कडी गेली, मी हात सोडला नाही. शेवटी दिवे लागले. बसताना काका मध्ये बसले होते हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. नशीब, ते गाढ झोपले होते.

रविवारी राणीची बाग. पाणघोड्यानं आमच्याकडे पाठ केली होती. त्याच्याकडेही पाहुणे फार येत असावेत. मग डबलडेकर बसनं दक्षिणेकडे. त्या तांबड्या डिझेल डबलडेकर २०२३ साली बंद झाल्या. तेव्हा मात्र वरच्या मजल्यावरची पुढची जागा म्हणजे सिंहासन. त्या सिंहासनावर काका आणि मावशीचा धाकटा बसले, कारण काकांना माहिती सांगायची होती आणि धाकट्याला वारा खायचा होता. मग मलबार हिलवरचं हँगिंग गार्डन, समोरचा म्हातारीचा बूट. मग तेव्हा चालू असलेलं तारापोरवाला मत्स्यालय.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमची ही बार्शीकडची. मोठं पाणी म्हणजे उजनीचं धरण, एवढीच तिची ओळख. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. आणि हे मत्स्यालय अगदी मरीन ड्राइव्हवर. म्हणजे समुद्राकडे पाठ करून आम्ही अर्धा तास काचेतले मासे पाहत होतो. बाहेर आल्यावर ती जरा रेंगाळली, तर काका म्हणाले, "समुद्र काय, तो कुठे जात नाही. चौपाटी आपल्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. केव्हाही जाऊ. आधी लांबलांबचं उरकून घेऊ."

जे जवळ आहे ते केव्हाही होईल आणि म्हणून ते कधीच होत नाही, हा मुंबईचा नियम आहे. संसाराचाही आहे, पण ते असो.

तर संध्याकाळी गेटवे ऑफ इंडिया. फोटोवाल्यानं आम्हा दोघांना कमानीसमोर उभं केलं. "जरा जवळ या, जवळ या" असं तो म्हणताच आम्ही सरकलो आणि त्या फटीत काका, मावशी आणि दोन्ही मुलं येऊन उभी राहिली. तो फोटो आजही आमच्याकडे आहे. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ही, मध्ये मावशीचं कुटुंब आणि मागे ब्रिटिश साम्राज्य.

ह्या गेटवेची हकीकत मी पुढे वाचली आणि मला माझ्या म्हणण्याला भरभक्कम पुरावाच मिळाला. ही कमान मुळात एका पाहुण्या जोडप्यासाठीच आहे. १९११ साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरले, त्याची आठवण म्हणून. पण ती दोघं आली तेव्हा कमान कुठे होती? त्यांना म्हणे पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली. कोनशिला बसली १९१३ साली आणि कमान पुरी झाली १९२४ साली. पाहुणे येऊन, जेवून, परत जाऊन तेरा वर्षं झाल्यावर यजमानांचं स्वागत तयार झालं! मग ती कमान बांधली कुणासाठी? पाहुण्यांसाठी खासच नव्हे. यजमानांनी ती स्वतःसाठी बांधली, आपण केवढे मोठे यजमान हे जगाला कळावं म्हणून. पुढे १९४८ साली इंग्रजांची शेवटची पलटण ह्याच कमानीतून गलबतावर चढली. म्हणजे येणाऱ्यांसाठी बांधलेलं दार उपयोगाला आलं ते जाणाऱ्यांच्या.

सांगायचा मुद्दा, 'दाखवणं' हा प्रकार दाखवणाऱ्यासाठी असतो. काकांनीही राणीची बाग त्यापूर्वी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मुंबईचा माणूस मुंबई बघत नाही, तो तिच्यातून फक्त ये-जा करतो. पाहुणा आला की त्याला निमित्त सापडतं. शिवाय मनात एक धास्ती असते. पाहुणे परत जाऊन गावात काय सांगतील? 'तीन दिवस राहिलो, पण मावशीनं साधं म्हातारीच्या बुटात नेलं नाही' असं कुणी सोलापुरात बोललं तर? ह्या धास्तीपायी यजमान थकतो, पाहुणा थकतो, आणि दोघंही शेवटच्या दिवशी एकमेकांना 'फार मजा आली' असं सांगतात. आमच्या बँकेत ह्याला नुसती जमाखर्चाची नोंद म्हणतात. रक्कम ह्या खात्यातून त्या खात्यात गेली. हातात कुणाच्याच काही आलं नाही.

सोमवार उजाडला आणि काका अस्वस्थ झाले. सोमवारी मुंबईत बघण्यासारखं बरंच काही बंद असतं. तारांगण बंद, मत्स्यालय बंद, घारापुरीची लेणी बंद. पण हार मानणारे ते काका नव्हेत. त्यांनी आम्हाला इमारती बाहेरून दाखवल्या. व्ही.टी. स्टेशन, बांधकाम १८७८ ते १८८८. राजाबाई टॉवर, उंची २८० फूट. हायकोर्ट, तिथं आपल्यावर जायची वेळ न येवो. दुपारी तीनला आम्ही मान वर करकरून मोडलेल्या मानेनं घरी आलो. रात्री गाडी होती.

चारच्या सुमारास मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, चहाला आलं नाही. कोपऱ्यावरून घेऊन ये. आणि हिलाही ने, तिला भाजीवाला दिसेल."

काका चटकन उठले, "मी येतो ना, मला माहितीय कुठला भाजीवाला..."

"तुम्ही बसा," मावशी म्हणाली. मी मावशीचा तो आवाज त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. काकांनी ऐकला असावा, कारण ते लगेच बसले.

जिन्यावरून उतरलो. कोपऱ्यावर भाजीवाला होता. आम्ही त्याच्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि काही न बोलता सरळ चालत राहिलो. दहा मिनिटांत चौपाटी.

फेब्रुवारीतली दुपार. वाळू अजून तापलेली. पाणी निळंबिळं काही नव्हतं, चक्क राखेच्या रंगाचं होतं. ही चपला हातात घेऊन पुढे गेली, पावलं भिजेपर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "दहावीत असताना आमची सहल गणपतीपुळ्याला गेली होती. माझे पैसे भरायचे राहिले होते." एवढंच. कुणाबद्दल तक्रार नाही, काही नाही.

मग आम्ही वाळूत बसलो. थोड्या वेळानं समोर बघतच ती म्हणाली, "एक विचारू? तुमच्या मनाविरुद्ध झालंय का हे लग्न?"

मी उडालोच. "कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? बारा दिवस झाले. तुम्ही माझ्याशी बोलतच नाही."

मी हिशेब केला. खरंच होतं. बारा दिवसांत मी हिला 'पाणी दे', 'पिशवी धर' आणि 'आई बोलावतेय' ह्यापलीकडे काही बोललो नव्हतो. सोलापुरात घरभर पाहुणे होते आणि सगळ्यांसमोर बायकोशी काय बोलायचं ह्याची मला लाज वाटे. इथं मध्ये काका होते. आणि ही बाई बारा दिवस, राणीच्या बागेत, तारांगणात, त्या फोटोतसुद्धा, मनात हे ओझं घेऊन हिंडत होती. फोटो नीट पाहिला तर आता दिसतं. तेव्हा कुणालाच दिसलं नाही. सगळे कमान बघत होते.

मग मी बोललो. काय बोललो ते सगळं इथं सांगणार नाही. एक कबुली तेवढी सांगतो. दुसऱ्या वर्षाला अकाउंटन्सीत मी एकदा गटांगळी खाल्ली होती आणि कांदेपोह्यांच्या वेळी आमच्या मंडळींनी ते दडवलं होतं. ती हसली. लग्नानंतर पहिल्यांदा. म्हणाली, "आमच्याकडे कळलं होतं. बँकेत असून पैशाची अफरातफर करता येणार नाही, असा जावई बरा, असं दादा म्हणाले."

दीड तासानं परत आलो. जिन्यातच आतून मावशीचा आवाज, "आलं का?"

"हो, आलो," मी म्हणालो, आणि मग जीभ चावली. आलं आणायचं साफ राहून गेलं होतं. खाली पळणार, तेवढ्यात सहज ओट्याखालच्या टोपलीकडे लक्ष गेलं. बटाट्यांच्या शेजारी आल्याचा चांगला मूठभर मोठा खडा पडलेला होता.

मावशीनं माझं बघणं बघितलं. गाळण्यातून चहा ओतत, काकांना ऐकू जाणार नाही इतक्या बेतानं ती म्हणाली, "मी लग्न होऊन ह्या घरात आले ना, तेव्हा दर रविवारी मुंबई बघायला निघायचो. सासूबाई, दोन नणंदा, दीर आणि आम्ही. राणीची बाग मी चार वेळा पाहिली. ह्यांच्याशी नीट बोलणं झालं ते थोरला झाल्यावर."

म्हणून म्हणतो, मावशांनो, मामांनो, आत्यांनो, दाखवू नका. ठरवून केलेल्या लग्नात दोन माणसं एकमेकांना वीस मिनिटं पाहून जन्माची सही करतात. साधं बचत खातं उघडायला आम्ही गिऱ्हाइकाची ओळख ह्याहून कसून तपासतो. मग त्यांची खरी ओळख व्हायला जे पहिले चार दिवस मिळतात, तेही आपण इमारतींना वाटून टाकायचे?

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत. 'नवखी मुलं, हरवतील.' हरवू द्या. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनात नकाशा आहे. हरवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. 'आजची मुलं तर लग्नाआधीच महिनोन्‌महिने फोनवर बोलतात.' बोलतात खरी. पण एका घरात, सासू शेजारच्या खोलीत असताना बोलणं वेगळं, ते कुणी फोनवर शिकवत नाही. 'लोक काय म्हणतील?' लोक म्हणतील, ह्यांनी काही दाखवलं नाही. म्हणू द्या. त्या बदल्यात दोन माणसं कधीतरी म्हणतील, आमची खरी ओळख ह्यांच्या घरी झाली. कुठल्याही मावशीला ह्याहून मोठी पावती मिळत नाही.

आणि सर्वांत मोठा आक्षेप, 'मग आम्ही प्रेम दाखवायचं कसं?' आमच्या मावशीनं दाखवलं तसं. काकांनी तीन दिवसांत आम्हाला पंधरा ठिकाणं दाखवली, मावशीनं एकही दाखवलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता आम्हा दोघांत भांडण झालं की, आणि बँकेतल्या माणसाच्या घरी मार्चअखेर ते होतंच, समेटाच्या वेळी आम्हाला चौपाटीच आठवते. राजाबाई टॉवर एकदाही आठवलेला नाही.

तेव्हा माझा निर्णय झालेला आहे. तेवीस स्थळांची यादी मी टराटरा फाडली. (चिरंजीवांकडे तिचा फोटो आहे, पण तो वेगळा लढा आहे.) शनिवारी भाचा आणि भाचेसून येतील, त्यांना पोहे देऊ, किल्ली देऊ. आमच्या हिनं तर आत्ताच घरातलं सगळं आलं उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं आहे.

आता अडचण एकच उरली आहे. चहासाठी आलं आणायला डोंबिवलीहून थेट गिरगाव चौपाटीला जावं लागतं, हे त्या पोरांना पटवायचं कसं?